निरीक्षकांशी वाद रीडिंगवर सोडवायचा असेल तर: फ्लूक १६६४ एफसी इन्स्टॉलेशन टेस्टर

कोल्हापूरजवळची शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत, कुठेही विद्युत निरीक्षकांची तपासणी झाली की हातात येणाऱ्या त्रुटींच्या यादीतली वाक्यं ठरलेली असतात. ‘अर्थ रेझिस्टन्स जास्त आहे.’ ‘इन्सुलेशन समाधानकारक नाही.’ ‘अर्थ लीकेज संरक्षण नाही.’ ‘मोटारींना दुहेरी अर्थिंग नाही.’ शेवटच्या मुद्द्यावर भांडायला जागा नाही, ते डोळ्यांना दिसतं. पहिल्या तीन मुद्द्यांवर मात्र ठेकेदार आणि निरीक्षक यांची पत्रापत्री लांबते, तोवर चार्जिंगची (वीजपुरवठा सुरू करण्याची) परवानगी अडकते आणि मालक दोघांवरही चिडतो. वाद लांबतो कारण ज्या आकड्यावर तो सुटायला हवा तो आकडा दोघांपैकी कुणीच मोजलेला नसतो.

आपल्याकडच्या बहुतेक वायरमनच्या पिशवीत ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र), क्लॅम्प मीटर आणि टेस्ट लॅम्प असतो. अर्थ टेस्टर कुणाकडून तरी मागून आणला जातो. लूप इम्पिडन्स (फॉल्टचा करंट ज्या पूर्ण वाटेने फिरतो तिचा एकूण अडथळा) मोजायचं साधन जवळपास कुणाकडेच नसतं. फ्लूक १६६४ एफसी या एकाच यंत्रात इन्सुलेशन, अर्थ वायरची सलगता, लूप इम्पिडन्स, आरसीसीबीची (अर्थ लीकेज झाल्यावर पुरवठा तोडणाऱ्या स्विचची) ट्रिप वेळ, फेज सिक्वेन्स आणि तीन टोकांनी अर्थ पिटचं (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगचं) रेझिस्टन्स मोजता येतं. किंमत लाखाच्या पुढे जाते, म्हणून घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: तपासणीतल्या कोणत्या वादात हे यंत्र कामाला येतं आणि कोणत्या वादात येत नाही?

सगळ्यात मोठा वाद ‘एक ओम’चा. अर्थ पिटचं रीडिंग एक ओमच्या आत हवं, अशी मागणी घरापासून फौंड्रीपर्यंत सरसकट होते. ठेकेदार मीठ-कोळसा ओततो, जेलचा पाइप आणतो, तिसरा पिट मारतो. पण एका पिटच्या एक ओमवर माणसाचा जीव वाचेल की नाही हे ठरत नाही. फॉल्ट झाल्यावर करंट किती वाहतो आणि एमसीबी किती वेळात पडते, यावर ते ठरतं.

हिशोब असा. राजारामपुरीतल्या एखाद्या दवाखान्याला महावितरणचा लघुदाब पुरवठा खांबावरून येतो. अर्थ वायर सोबत येत नाही, ग्राहकाचा पिट वेगळा आणि ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल पिट वेगळा. फॉल्टचा करंट आपल्या पिटमधून जमिनीत उतरतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या पिटमधून परत जातो. आपला पिट २ ओमचा आणि सगळा लूप ४ ओमचा धरला, तर २३० भागिले ४, म्हणजे साधारण ५७ अँपिअर. सर्किटवर ३२ अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी असेल तर ती तत्काळ पडण्याची खात्री १० पट करंटला, म्हणजे ३२० अँपिअरला. ५७ अँपिअरला तिची फक्त थर्मल पट्टी तापत राहते आणि पडायला मिनिटभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं. तेवढा वेळ गीझरच्या किंवा एक्स-रे मशीनच्या बॉडीवर ५७ गुणिले २, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब असतो. पिट २ ओमवरून १ ओमवर आणला तर लूप ३ ओम होतो आणि करंट ७७ अँपिअर. एमसीबी तरीही तत्काळ पडत नाही. ३२० अँपिअर वाहायचे तर सगळा लूपच ०.७२ ओमच्या आत लागतो आणि मातीतून परतणाऱ्या लूपला तेवढं खाली आणणं जवळजवळ अशक्य.

अशा जागी उपाय आरसीसीबीच. ५० व्होल्ट ही स्पर्शाची मर्यादा धरली तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला पिट १६०० ओमपर्यंत चालतो आणि १०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला ५०० ओमपर्यंत. इतका वाईट पिट कुणी ठेवू नये. पण ‘पिट २.३ ओम आला, १ ओम हवा’ या वादात निरीक्षकांसमोर ठेवायचे आकडे हेच. सर्किटनिहाय लूप इम्पिडन्स, त्यावरची एमसीबी, तिला लागणारा करंट, आरसीसीबीचा मिलिअँपिअर आणि मोजलेली ट्रिप वेळ असे पाच रकाने भरून दिले की चर्चा पिटवरून संरक्षणाकडे वळते. आमच्या मते या टेस्टरची निम्मी किंमत लूपच्या एका बटणानेच वसूल होते.

लूप मोजताना दोन चुका नेहमी होतात. ‘नो-ट्रिप’ मोडमध्ये टेस्टर फार कमी करंट सोडतो, म्हणून आरसीसीबी पडत नाही, पण त्यामुळेच रीडिंग दशांश ओमपर्यंत इकडेतिकडे हलतं. मातीतून परतणाऱ्या ४ ओमच्या लूपला याने काही बिघडत नाही. उच्चदाब ग्राहकाच्या कारखान्यात मात्र ट्रान्सफॉर्मर स्वतःचा असतो, न्यूट्रल आणि बॉडी एकाच अर्थ ग्रिडला जोडलेले असतात आणि लूप ०.१ ते ०.३ ओमचा येतो. तिथे २५० अँपिअरच्या एमसीसीबीची (मोठ्या एमसीबीची) मॅग्नेटिक, म्हणजे तत्काळ पडण्याची, सेटिंग १० पटीला असेल तर लागणारा लूप ०.०९२ ओम. हे मोजायला १६६४ मधला मिलिओमपर्यंत वाचणारा हाय करंट मोडच वापरावा. नो-ट्रिपचं रीडिंग अशा ठिकाणी अहवालात घालू नये. निरीक्षकांनी ते नाकारलं तर ते बरोबरच असतील. दुसरी चूक थंड वायरची. मोजताना वायर गार असते, फॉल्टच्या वेळी ती तापते आणि तिचं रेझिस्टन्स वाढतं. म्हणून मोजलेला आकडा कमाल मर्यादेच्या दोनतृतीयांशाच्या आत असावा, असा नियम धरतात. ०.७२ ओमची मर्यादा असेल तर मोजताना ०.४८ च्या वर जाऊ नये. अहवालात हा रकाना आधीच असला तर निरीक्षकांचा पुढचा प्रश्न आपोआप मिटतो.

इन्सुलेशनच्या वादात गोंधळ जास्त जुन्या-नव्या नियमांचा. वायरिंगच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस ७३२ च्या, जुन्या आवृत्तीत ‘५० भागिले पॉइंटची संख्या’ असं मेगाओमचं सूत्र होतं आणि पूर्ण इन्स्टॉलेशनला १ मेगाओमपेक्षा जास्त लागणार नाही अशी सोय होती. ज्येष्ठ सुपरवायझर अजून त्याच हिशोबाने बोलतात. आयएस ७३२ ची २०१९ ची आवृत्ती सरळ सांगते: ५०० व्होल्टपर्यंतच्या सर्किटला ५०० व्होल्ट डीसीने मोजा, किमान १ मेगाओम हवं. दोन्ही पक्ष वेगवेगळी आवृत्ती धरून बोलत असतील तर आधी आवृत्ती आणि वर्ष लिहून घ्यावं. असे कितीतरी वाद तिथेच संपतात.

मोजमापातली खरी अडचण वेगळीच. आजकाल प्रत्येक डीबीत (वितरण पेटीत) एसपीडी, म्हणजे व्होल्टेजची उसळी रोखणारं उपकरण असतं, प्रत्येक दिव्यात एलईडी ड्रायव्हर आणि प्रत्येक लेथवर व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह. २७५ व्होल्टचा एसपीडी ५०० व्होल्ट डीसीला स्वतःच वाहू लागतो आणि वायर ठणठणीत असूनही मेगर ०.३ मेगाओम दाखवतो. व्हीएफडीचे फिल्टर आणि पॅनलमधले सर्व्हो कार्ड ५०० व्होल्टला कायमचे जळूही शकतात. १६६४ मध्ये यासाठी ‘इन्सुलेशन प्रीटेस्ट’ आहे: पूर्ण व्होल्टेज सोडण्याआधी यंत्र तपासतं आणि सर्किटला एखादं उपकरण जोडलेलं राहिलं असेल तर चाचणी थांबवून इशारा देतं. प्लगला विसरून राहिलेला टीव्ही किंवा छतातले ड्रायव्हर वाचवायला हे फार उपयोगी. एसपीडीच्या बाबतीत मात्र त्यावर विसंबू नये. त्याचं कार्ट्रिज हातानेच काढावं.

मोजण्याचा क्रम असा ठेवावा: मेन बंद, कपॅसिटर डिस्चार्ज, एसपीडीची कार्ट्रिज बाहेर, व्हीएफडी आणि यूपीएसच्या इनकमिंग वायरी सुटलेल्या, आणि न्यूट्रल बारवरची न्यूट्रल लिंक उघडलेली. न्यूट्रल लिंक राहिली तर न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरच्या अर्थला जोडलेलाच राहतो, रीडिंग शून्याला टेकतं आणि ‘इन्सुलेशन गेलं’ असा चुकीचा शेरा पडतो. मग सगळे फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी मोजावं, एक मिनिट थांबावं, आकडा लिहावा. काही कारणाने एसपीडी काढताच येत नसेल तर त्या सर्किटला २५० व्होल्टने मोजायची मुभा असते, पण किमान मर्यादा १ मेगाओमच राहते आणि कारण अहवालात लिहावं लागतं. फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तीन लीड एकदाच लावून तिन्ही जोड्यांचं इन्सुलेशन हे यंत्र बटणावर देतं, लीड बदलाव्या लागत नाहीत. चाळीस सर्किटच्या डीबीत एवढ्यानेच बराच वेळ वाचतो.

पूर येऊन गेलेल्या जागी हा भाग आणखी महत्त्वाचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागात घरांच्या आणि दुकानांच्या वायरिंगमध्ये पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर पूर्ण डीबीचं मिळून एकच रीडिंग घेतलं तर ते जवळपास नेहमीच नापास होतं आणि ‘सगळी वायरिंग बदला’ असा शेरा बसतो. प्रत्येक सर्किट एमसीबीवर वेगळं करून मोजलं की बहुतेक वेळा दोष दोन-तीन खालच्या सॉकेटच्या गाळात आणि एखाद्या भिंतीतल्या जोडात सापडतो. पाइपमध्ये सलग असलेली पीव्हीसी वायर वाळल्यावर परत येते. भिजलेले सॉकेट, एमसीबी आणि आरसीसीबी मात्र वाळवून वापरू नयेत, बदलावेच. निरीक्षकांना सर्किटनिहाय तक्ता दिला तर ते पूर्ण वायरिंगऐवजी खराब सर्किटांपुरता शेरा मान्य करू शकतात, आणि तो मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

सलगतेच्या चाचणीत साध्या मल्टिमीटरचा आवाज पुरावा म्हणून चालत नाही, कारण एका तंतूवर टेकलेली तुटकी वायरही ‘बीप’ देते. १६६४ किमान २०० मिलिअँपिअर सोडून मोजतो. त्याआधी सोबतच्या झिरो अ‍ॅडॉप्टरने लीडचं रेझिस्टन्स शून्य करून घ्यावं, नाहीतर लीडचेच एक-दोन दशांश ओम आकड्यात मिसळतात. आलेला आकडा पडताळायला सोपा आहे: २.५ चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची वायर किलोमीटरला ७.९८ ओम, म्हणजे ३० मीटरला ०.२४ ओम. रीडिंग ०.९ आलं तर कुठेतरी ढिला स्क्रू आहे. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी असेल तर तेवढ्याच क्षेत्रफळाला तांब्याच्या सुमारे ८ पट धरावं. पट्टीवर तांब्याचा हिशोब लावून ‘जास्त आहे’ असा शेरा आला तर हा खुलासा लेखी द्यावा.

आरसीसीबीची चाचणी पटकन होते. अर्ध्या रेटेड करंटला पडता कामा नये, पूर्ण करंटला ३०० मिलिसेकंदात आणि पाच पटीला ४० मिलिसेकंदात पडली पाहिजे, तीही एसी लाटेच्या शून्य आणि १८० अंश दोन्ही बाजूंनी. आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण फक्त तिची यंत्रणा तपासते, तुमची अर्थ वायर नाही. ‘बटण दाबून दाखवलं की’ हे उत्तर म्हणूनच निरीक्षकांपुढे टिकत नाही. घरगुती जोडणीला ३० आणि बाकी ठिकाणी १०० मिलिअँपिअरची मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत आहे, त्यावर वाद नको. वाद होतो तो फौंड्रीतल्या सारख्या पडणाऱ्या आरसीसीबीवर. वेल्डिंग सेट आणि दहा-बारा व्हीएफडी एकाच १०० मिलिअँपिअरखाली असतील तर फिल्टरची गळतीच इतकी असते की ती पडत राहते; मग कुणीतरी तिला बायपास करतं आणि तपासणीत नेमकं तेच सापडतं. लीकेज क्लॅम्पने नेहमीची गळती मोजा, ती आरसीसीबीच्या रेटिंगच्या ३० टक्क्यांच्या आत येईल अशी सर्किटं विभागा आणि व्हीएफडीच्या फीडरला टाइप बी (डीसी गळतीही ओळखणारी) आरसीसीबी घ्या. १६६४ टाइप ए आणि बी दोन्ही तपासतो. लीकेज क्लॅम्प मात्र वेगळा घ्यावा लागतो, हे बजेटमध्ये धरावं.

आता उणीव. अर्थ पिटचं तीन टोकांचं मोजमाप या यंत्रात आहे, पण खुंट्या आणि लांब वायरींचा संच बहुतेक वेळा वेगळा विकत घ्यावा लागतो. नुसत्या पिटचाच वाद असेल तर स्वतंत्र अर्थ टेस्टर स्वस्तात तेच काम करतो. पद्धत दोन्हीकडे सारखी: पिट बाकीच्या ग्रिडपासून सोडवायचा (मेन बंद करूनच), करंटची खुंटी ३० ते ४० मीटरवर, व्होल्टेजची खुंटी त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर, मग ती थोडी पुढे-मागे करून आणखी दोन रीडिंग. तिन्ही जवळजवळ सारखी आली तरच आकडा खरा. शिवाजी उद्यमनगरच्या काँक्रीटच्या गल्लीत चाळीस मीटर मोकळी माती मिळत नाही आणि दहा मीटरवर ठोकलेल्या खुंट्यांचं रीडिंग खोटं कमी येतं. तिथे लूपचं रीडिंगच द्यावं. त्यात ट्रान्सफॉर्मरचा पिटही धरलेला असल्याने आपला पिट त्याहून जास्त असूच शकत नाही, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूलाच.

ऋतूचाही उल्लेख अहवालात हवा. पंचगंगेकाठच्या काळ्या जमिनीत ऑगस्टमध्ये सुरेख रीडिंग येतं. मेमध्ये तीच माती भेगाळते, पाइपपासून सुटते आणि आकडा कैक पटीने चढतो. राधानगरी-शाहूवाडीकडच्या जांभ्यात तर पावसाळ्यातही कमी येणं कठीण. निरीक्षकांनी उन्हाळ्यात आणि ठेकेदाराने पावसाळ्यात मोजलेलं असेल तर दोघेही खरे असतात. दोन पिट जवळजवळ मारून काही फायदा होत नाही. ३ मीटरच्या पाइपला दुसरा पिट किमान ६ मीटरवर हवा.

ज्या वादात हे यंत्र काहीच करू शकत नाही, तो दुहेरी अर्थिंगचा. थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र आणि वेगळ्या अर्थ जोडण्या लागतात. एकाच बोल्टखाली दोन वायरी दाबल्या किंवा दोन वायरी एकाच पट्टीवर जाऊन मिळाल्या, तर रीडिंग ०.०५ ओम आलं तरी त्रुटी कायम. पॅनलसमोरची मोकळी जागा, रबर मॅट, धोक्याच्या पाट्या, न्यूट्रलमध्ये घातलेला फ्यूज यांचंही तसंच. हे निमूटपणे दुरुस्त करावं आणि आपली ताकद मोजता येणाऱ्या मुद्द्यांसाठी राखून ठेवावी.

रीडिंग हातात आल्यावर ते मांडायचं कसं, यावरही बरंच अवलंबून आहे. त्रुटी तोंडी सांगितली असेल तर ती लेखी, विनियमाच्या क्रमांकासह मागावी; ‘वायरिंग असमाधानकारक’ या शेऱ्याची पूर्तता करताच येत नाही. सध्या लागू आहेत ते प्राधिकरणाचे २०२३ चे विनियम, २०१० चे नव्हेत. जुना क्रमांक आला असेल तर नम्रपणे लक्षात आणून द्यावं. मग पूर्तता अहवालासोबत सिंगल लाइन डायग्राम, सर्किटनिहाय तक्ता, टेस्टरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आणि परवानाधारक सुपरवायझरची सही, आणि शेवटी एक ओळ: ‘ही रीडिंग आपल्या उपस्थितीत पुन्हा घेऊन दाखवण्यास तयार आहोत.’ निरीक्षकांसमोर त्याच सर्किटवर तोच आकडा पुन्हा आला की पुढे वाद सहसा राहत नाही. तरीही मतभेद राहिलाच तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १६२ मध्ये निरीक्षकांच्या निर्णयावर अपिलाची सोय आहे. आदेशातली पूर्ततेची मुदत संपण्याआधीच ते दाखल करावं. त्या टप्प्यावर पुन्हा हाच तक्ता पुरावा म्हणून लागतो.

खरेदीबद्दल सांगायचं तर वर्षाला पाच-सहा घरांची कामं करणाऱ्या वायरमनने हे घेऊ नये. चांगला मेगर आणि साधा आरसीसीबी टेस्टर त्याला पुरे. वसाहतीतली कामं, दवाखाने, मंगल कार्यालयं करणाऱ्या ठेकेदाराला नक्की परवडतं, आणि तिघाचौघांनी मिळून घेतलं तर एका हंगामात पैसे वसूल होतात. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण सुट्या विकल्या जाणाऱ्या खुंट्यांसाठी कापला. घेताना खोक्यात झिरो अ‍ॅडॉप्टर आहे का आणि अर्थचा संच धरलाय का ते कोटेशनवर लिहून घ्या. कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं असावं, दरवर्षी करून घ्यावं, आणि प्रमाणपत्रावरचा सिरियल नंबर यंत्राच्या पाठीवरच्या नंबराशी दुकानातच जुळवून पाहा. तपासणीला आलेले निरीक्षक सगळ्यात आधी तोच बघतात.